बेबीताईंचा वजनकाटा

डोणगावात बाजारओळीच्या मागं आमची गल्ली आहे. या गल्लीत कुणाकडं बारसं असो की कुळाचार, सैपाक उतरवायच्या आधी एक निरोप हमखास जायचा, "बेबीताईले बोलवा." लहान्यांच्या बेबीताई पदराला हात पुसत यायच्या, पातेल्यावर वाकून हातानं वाफ नाकाकडं ओढायच्या आणि निकाल द्यायच्या. "खोबरं जास्त भाजलं, गूळ घाला थोडा." नाहीतर, "डाळ अजून कच्ची हाये, उतरवू नका." नैवेद्याचा सैपाक आधी चाखता येत नाही, उष्टा होतो. त्यामुळं सणावाराला तर त्यांच्या नाकाला फारच मान होता.

त्यांच्या स्वतःच्या घरात ना मापाचा चमचा होता ना मापाची वाटी. मूठ, चिमूट, ओंजळ. नवरा मात्र मापारी. मोतीराम लहाने बाजारात अडत्याकडं सोयाबीन, तूर, हरभरा मोजतात. इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी पहिल्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, ते 'एक' म्हणत नाहीत, जुन्या चालीप्रमाणं 'लाभ' म्हणतात. कधी जेवताना ते बोलून गेले, "अवं, मीठ जरा मोजून टाकत जा," तर बेबीताई हसायच्या. "तुमचा काटा बाजारात ठेवा. घरात माह्यं नाक हाये."

ते नाक मेहकरच्या रस्त्यावर गेलं. भाचीच्या साखरपुड्याहून दोघं मोटारसायकलवर परत येत होते. कुत्रं आडवं आलं, मोतीरामांनी ब्रेक दाबला आणि मागं बसलेल्या बेबीताई डोक्याच्या मागच्या बाजूवर आदळल्या. हाड मोडलं नाही, रक्तही फार गेलं नाही. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पांजलीनं चहा आणून दिला. पुष्पांजली त्यांची धाकटी जाऊ. दोघींचा संसार एकाच घरात, एकाच गॅसवर. बेबीताईंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"इलायची काऊन नाई टाकली?"

"टाकली ना, जाऊबाई. रोजच्यापेक्षा जास्तच टाकली."

बेबीताईंनी कप नाकाशी धरला. वाफ गालाला लागली, बाकी काही नाही. त्या उठल्या, डब्यातून हिंगाची डबी काढली, उघडून नाकाला लावली. मग लसणाची पाकळी ठेचली. मग मोतीरामांच्या न धुतलेल्या सदऱ्यात तोंड खुपसलं. कशालाच काही नव्हतं. गरम पाण्यात साखर घालावी तसा तो चहा होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नाकातून मेंदूकडं जाणारे बारीक तंतू असतात, डोक्याला झटका बसला की ते तुटतात. कधी परत जुळतात, कधी नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू, तिखट कळत राहील, पण वासाशिवाय किती ते अंदाज चुकतील. वास मात्र आला तर आला.

"मंग मी सैपाक कसा करू?" बेबीताईंनी विचारलं.

"घरात दुसरं कुणी आहे ना करायला?"

बेबीताई पिशवी उचलून उठल्या. परतीच्या बसमध्ये मोतीराम सारखे पुटपुटत होते, "मी हळू घ्यायले पाह्यजे होती गाडी." बेबीताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, पण बघत खिडकीबाहेरच राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखाच सैपाक सुरू केला. भाजीची चव लागेना म्हणून मसाला जास्त पडू लागला. फोडणी झाली की नाही ते कळेना म्हणून ती कधी कच्ची राही, कधी जळे. घरचे मान खाली घालून जेवत. मोतीराम दोन ग्लास जास्त पाणी पीत. कुणी काही बोलत नव्हतं आणि बेबीताईंना तेच सहन होत नव्हतं.

मग एका दुपारी दूध तापायला ठेवून त्या मागच्या दारी वाळवणं आवरायला गेल्या. गल्लीत समोरच राहणारी, ब्लाऊज शिवून देणारी नसीमा मशीनवरून उठून धावत आली. "ताई, तुमच्या घरातून जळका वास येऊन राह्यला!" दोघी आत आल्या तर सैपाकघर धुरानं भरलेलं. पातेल्याचा तळ काळा पडला होता आणि शेजारच्या फडक्यानं पेट घ्यायचंच बाकी होतं. बेबीताई त्याच भिंतीपलीकडं उभ्या होत्या. धूर डोळ्यांना लागेपर्यंत त्यांना काही कळलं नसतं.

त्या संध्याकाळी सासूबाई रुक्मिणीबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली. "आता पुष्पा पाहीन सैपाकाचं. तू भाज्या निवडत जा, सूनबाई. लय केलं आतापर्यंत." बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. तरी बेबीताईंना ते सैपाकघरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं. पुढं कितीतरी दिवस त्या दारापुढच्या ओट्यावर बसून मेथी, चवळी, गवार निवडत राहिल्या. गल्लीतून सैपाकाचे निरोप यायचे बंद झाले होते.

रमजान आला. एके दिवशी चार वाजता नसीमा त्यांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. इफ्तारीचं सगळं चुलीवर चढवून आली होती.

"चाखून पाह्यलं का?" बेबीताईंनी सवयीनं विचारलं.

"रोजा हाये ना, ताई. मी तर जिभेले लावतच नाई."

"मंग मीठ कसं कळते तुले?"

"मीठ मी त्या एकाच चमच्यानं टाकते. माह्या सासूचा पितळी चमचा. एवढ्या गोश्तले एवढे चमचे, एवढ्या डाळीले एवढे. महिनाभर तसंच. कोनी नावं नाई ठेवत." आणि ती सहज पुढच्या गोष्टीकडं वळली, तिच्या मुलाच्या, आसिफच्या बोर्डाच्या परीक्षेकडं.

बेबीताईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मोतीरामांना विचारलं, "तुमच्याकडं बारीक वजनाचा काटा मिळते का? ग्रॅम दाखवनारा?"

मोतीरामांनी कारण विचारलं नाही. पुढच्या बाजारी मेहकरहून ताटलीएवढा सपाट डिजिटल काटा घेऊन आले. शिकवायला बसले तेव्हा त्यांचा बाजारातला आवाज निघाला. "हे पाह्य. आधी रिकामी वाटी ठेवायची. वाटीचं वजन हे पासंग. ते शून्य करायचं, हे बटन. मंगच माल टाकायचा. पासंग इसरला की सगळा हिशोब कच्चा." बेबीताईंनी दहा वेळा वाटी ठेवली, काढली, शून्य केली. नसीमासारखा चमचा त्यांनी वापरून पाहिला होता, पण त्यात फसगत होती. जाड मीठ चमच्यात वेगळं बसतं, बारीक वेगळं. शिगोशीग भरला तर आणखी वेगळं. काट्याला तसला फरक नव्हता.

पुष्पांजली दुपारी पडायची तेव्हा त्या सैपाकघरात शिरायच्या. एक पाव तुरीची डाळ, पाणी मोजून, मीठ मोजून, हळद मोजून. झालं की वाटीभर वरण झाकून नसीमाच्या मशीनपाशी न्यायच्या. ईद होऊन गेली होती, आता तिला चाखता येत होतं.

"मस्त हाये, ताई."

दुसऱ्या दिवशी, "मस्त." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बेबीताईंनी मुद्दाम मीठच घातलं नाही. नसीमानं चमचा तोंडात घातला, एक क्षण थांबली आणि म्हणाली, "बढिया."

बेबीताईंनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "नसीमा, यात मीठ नाई."

नसीमानं चमचा खाली ठेवला.

"तू माह्यावर दया करून राह्यली. ते मले नको. माह्या घरचे तेच करतात. मले खरं सांगनारं एक माणूस पाह्यजे. तू नाई सांगनार तर मी दुसरं पाहते."

नसीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कापडाच्या चिंधीनं पुसलं आणि म्हणाली, "ठीक हाये. मंग ऐका. काल हळद कच्ची होती. परवाची फोडणी जळकी होती, जिरं कडू लागत होतं. अन् तुमचा गोडा मसाला आता जुना झाला, फेका तो."

"असं बोल ना!" बेबीताई म्हणाल्या. अपघातानंतर गल्लीनं त्यांना हसताना पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं.

मीठ आणि मसाला काट्यानं धरला, पण फोडणी हाती येईना. तेल किती तापलं, खोबरं कधी उतरवायचं, हे आधी नाक सांगायचं. अर्पितानं, त्यांच्या मुलीनं, अकोल्याहून कुरिअरनं एक थर्मामीटर पाठवला. लांब स्टीलची सुई, वर आकडे. पहिल्याच दिवशी बेबीताईंनी सुई कढईच्या तळाला टेकवली, आकडा भराभरा चढला, त्यांनी घाईनं मोहरी टाकली आणि मोहरी तेलात मुकाट बसून राहिली. तेल थंडच होतं, तापला होता तो तळ. सुई तेलाच्या मधोमध, तळाला न लावता धरायची, हे दोन-तीन फोडण्या वाया गेल्यावर समजलं. एकशे सत्तरच्या आसपास मोहरी तडतडते. भजी, पुऱ्या एकशे ऐंशीला. वर गेलं की बाहेरून लाल, आतून कच्ची. दूध बोटाला सोसवेल इतकं गार झाल्यावर विरजण लावायचं असं त्यांची आई सांगायची. त्यांनी पाहिलं, ते बोट चव्वेचाळीस-पंचेचाळीस दाखवत होतं. "आई बरोबर होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. थंडीत मात्र गार बोटाला कोमट दूधही चटका देतं आणि विरजण फसतं, हे आईनं सांगितलं नव्हतं.

खोबरं आणि तीळ भाजण्यासाठी त्यांनी खिडकीजवळची शेगडी धरली. उन्हाच्या उजेडात रंग पाहायचा, आच बारीक आणि भिंतीवरचं घड्याळ समोर. दूध चढवलं की जागचं हलायचं नाही हा नियम. आणि घरातून बाहेर पडताना सिलिंडर बंद, हा दुसरा.

रुक्मिणीबाई हे सगळं पाहत होत्या. एकदा सूनबाई कणीक काट्यावर ठेवत असताना त्यांना राहवलं नाही. "अन्न मोजू नये, बाई. मोजून रांधलं की घरची बरकत जाते. आम्ही कधी पोळ्यासुद्धा मोजल्या नाईत."

"खाताना नाई मोजत, आत्याबाई. रांधताना मोजते. पोटभर खा तुम्ही."

"बाजारातला माणूस मोजते. घरच्या बाईचा हात सैल पाह्यजे."

"माह्या हातले आता दिसत नाई, आत्याबाई," बेबीताई म्हणाल्या. "आंधळ्याले काठी धरू देता ना? मंग मले हे धरू द्या."

म्हातारी माळ ओढत उठून गेली. त्या रात्री जेवताना तिनं भाजी दुसऱ्यांदा मागितली.

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसतात. लहान्यांची सगळी भावकी जेवायला येते. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, अंबील, सोळा भाज्या, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत एकही पदार्थ जिभेला लावायचा नाही. आठ दिवस आधी रुक्मिणीबाई म्हणाल्या, "यंदाचा सैपाक पुष्पा करीन."

"मी करीन," बेबीताई म्हणाल्या.

"अवं, देवीचं काम हाये. बिघडलं तर?"

"आत्याबाई, चाखाले तर कोनालेच नाई भेटत. त्या दिवशी सगळ्या घराची जीभ बंद, अन् मीठ तर कोनाच्याच नाकाले कळत नाई. मंग माह्यात अन् पुष्पात फरक काय? एवढाच, की मी मोजलेलं राहीन."

मोतीराम दारात उभे होते. "करू दे तिले," ते म्हणाले. आईसमोर एवढंही बोलायची त्यांची पद्धत नव्हती.

बेबीताईंनी आधीच्या आठवड्यात आमटी आणि पुरण थोड्या प्रमाणात दोनदा करून पाहिलं. नसीमानं दोन्ही वेळा फोड करून सांगितलं, पहिल्यांदा जायफळ जास्त, दुसऱ्यांदा ठीक. सणाच्या सकाळी त्यांनी मिठाची किलोची नवी पिशवी फोडली, पदार्थागणिक मीठ मोजून वाट्यांत काढलं. उरलं ते बरोबर सातशे ग्रॅम, ते रिकाम्या डब्यात भरलं. डाळ, गूळ, वेलदोडा, सगळं वेगळं मांडलं. पुष्पांजली मदतीला होती. डाळ शिजली, कट काढला, मोठ्या गंजात आमटी उकळायला लागली. बेबीताईंनी आमटीची साठ ग्रॅम मिठाची वाटी तिच्यात रिकामी केली, आणि तेवढ्यात देवीवर करंज्या-पापड्यांचा फुलोरा बांधायला बाहेरून हाक आली.

परत आल्या तर पुष्पांजली पळी फिरवत होती. "जाऊबाई, आमटीत मीठ टाकून देलं बरं का. तुम्ही बाहेर होत्या म्हणून."

बेबीताई जागीच थांबल्या. "मी टाकलं होतं, पुष्पा."

पुष्पांजलीचा चेहरा उतरला. "मले वाटलं... हात डब्यात गेलाच."

"किती टाकलं?"

"मूठभर. पुरी असन, अर्धी असन. ध्यानात नाई." तिला रडू फुटलं. बाहेर पानं मांडायचा आवाज येत होता. एक चुलतसासू आत डोकावली, म्हणाली, "कणकेचे गोळे टाका, मीठ ओढून घेतात." दुसरी म्हणाली, "देवीले माफी मांगा अन् जिभेले लावून पाहा." रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चाखता येत नव्हतं आणि चाखल्याशिवाय किती बिघडलं ते कळणार नव्हतं.

बेबीताईंनी काटा ओढला. वर परात ठेवली, शून्य केलं आणि मिठाचा डबा परातीत पालथा केला. आकडा स्थिर होईपर्यंत त्या काट्यावर वाकून राहिल्या.

सहाशे त्रेचाळीस.

"सत्तावन्न ग्रॅम," बेबीताई म्हणाल्या. "माह्ये साठ, तुह्ये सत्तावन्न. म्हणजे मीठ दुप्पट पडलं. पुष्पा, रडू नको, तो दुसरा गंज घे. मीठ जास्त नाई झालं. आमटी कमी पडली."

मग त्यांनी कुणाला विचारलं नाही. निम्मी आमटी दुसऱ्या गंजात ओतली. उरलेला कट होता. पुरणाची मूठभर डाळ वाटून त्यात कालवली, गरम पाणी घातलं, दोन्ही गंज पहिल्या मापाला आणले. गूळ, चिंच, मसाला, पुन्हा तेवढंच मोजून, मीठ मात्र चिमूटभरही नाही. नवी फोडणी केली. सुई तेलाच्या मधोमध धरली, एकशे सत्तरला मोहरी टाकली आणि ती तडतडली. पुष्पांजली डोळे पुसत दोन्ही गंज ढवळत राहिली.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. बेबीताई वाढायला गेल्या नाहीत. सैपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या राहून माणसांची तोंडं पाहत होत्या, कारण त्यांना कळायचा तोच एक रस्ता होता. मोतीरामांनी पोळी आमटीत बुडवून घास घेतला, चावला, आणि पाण्याच्या ग्लासाला हात न लावता दुसरा घास मोडला. एवढं पाहून बेबीताई आत आल्या आणि पाटावर मटकन बसल्या. आता रडायची पाळी त्यांची होती.

आमटी अर्थातच ढीगभर उरली. पुष्पांजली जाणाऱ्या प्रत्येकाला डबा भरून देत होती. नसीमाचा डबा सगळ्यांत मोठा. रुक्मिणीबाई शेवटच्या पंगतीला जेवल्या. वाटी दोनदा भरून घेतली आणि हात धुताना म्हणाल्या, "मोजून रांधलं, तरी सरंना. आता काय बोलू?"

"काई नका बोलू, आत्याबाई. ताक घ्या."

अपघाताला दोन वर्षं होत आली. बेबीताईंचा वास परत आला नाही. त्या खोटं सांगत नाहीत; सैपाक जमतो, पण जेवणाचा आनंद पहिल्यासारखा नाही, असं स्पष्ट सांगतात. शेपूची भाजी त्यांना कधी आवडली नव्हती, तिचा वास नकोसा व्हायचा. आता सगळ्यात जास्त आठवण त्याच वासाची येते, असं एकदा म्हणाल्या. जेवताना त्या कुरकुरीत, मऊ, गरम, गार यांवर भागवतात. ताटात पापड नाहीतर भाजलेले शेंगदाणे लागतातच.

गल्लीतले निरोप पुन्हा सुरू झाले आहेत, फक्त मजकूर बदलला. "बेबीताई, पन्नास माणसाच्या वरणाले मीठ किती?" पुष्पांजली आता त्यांना विचारल्याशिवाय मिठाच्या डब्याला हात लावत नाही, आणि सण आला की काट्याची बॅटरी आधी तीच तपासते.

या हिवाळ्यात बेबीताईंनी म्हैसूरपाक करायला घेतला आहे. नाक होतं तेव्हा त्या याच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या. पाक चुकला की सगळं वाया, म्हणून भीती वाटायची. पहिला दगडासारखा झाला. दुसऱ्याची वडी पडेना, तो चमच्यानं खावा लागला. मी गेलो तेव्हा ताटलीत तो दुसरा होता. मला आवडला, मी तसं म्हणालो.

"आवडायचं राहू द्या, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तूप बेसनात मुरलं, का वेगळं लागते?"

मी खरं सांगितलं, वेगळं लागतं. त्यांनी मान हलवली, थर्मामीटरची सुई फडक्यानं पुसली आणि पुष्पांजलीला हाक मारली, "बेसन काढून ठेव वं. रविवारी पाक दोन डिग्री वर नेऊन पाहू."